तेहतिसाव्या पानावरची खूण

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या बाबतीत घडली आहे. ऐकीव नाही.

माणसांची नावं बदलली आहेत. गावाचं नाव देणार नाही, कारण यातली जिनेट अजून इथंच राहते. बाकी जसं झालं तसं लिहिते. पटलं तर बघा, नाहीतर सोडून द्या. वाद घालायला माझ्यात आता जोर नाही.

भुताच्या गोष्टी मध्यरात्रीच्या असतात म्हणे. माझी दिवसाढवळ्याची आहे.

१७ जुलै २०१९, बुधवार. दुपारचे साडेतीन. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिल शहरापासून गाडीनं पाऊण तासावर, आमच्या गावच्या लायब्ररीत मी एकटी होते.

पण आधीच्या वर्षाचं सांगितल्याशिवाय त्या दुपारचं काही कळणार नाही. आणि तेच सांगायची मला लाज वाटते.

मी रोवेना. वय अठ्ठावन्न. बावीस वर्षं मी नगरपालिकेत कुत्र्यांचे परवाने दिले. मग ते टेबल बंद झालं आणि मला लायब्ररीत पाठवलं. पुस्तकांतलं मला काय कळत होतं? मला स्वच्छतेतलं कळत होतं. माझ्या टेबलावर कधी चहाच्या कपाचा डाग पडला नाही, याचा मला फार तोरा.

मी रुजू झाले आणि महिन्याभरात लायब्ररी सहा आठवडे बंद ठेवली. भूकंपासाठी भिंती मजबूत करायच्या होत्या. माझ्याबरोबर काम करणारी मेरेआना लेकीच्या बाळंतपणासाठी ऑकलंडला गेली. मी मागच्या खोलीत, पुस्तकांच्या खोक्यांमध्ये.

तिथं मला त्या पेन्सिलीच्या रेघोट्या दिसल्या.

मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांत, म्हातारी माणसं वाचतात त्या. कुठं सत्ताविसाव्या पानावर बारीक गोल, कुठं पन्नासाव्यावर फुली, कुठं शेवटच्या पानावर चांदणी. एकेका पुस्तकात दहा-दहा. मला वाटलं, पोरासोरांचे उद्योग. मी खोडरबरांचं पाकीट आणलं आणि बसले. सहा आठवड्यांत चारशे बारा पुस्तकं लख्ख केली.

मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला बोलले नाही. मेरेआना आली की तिला चकित करायचं होतं.

लायब्ररी उघडली त्या सकाळी मेरेआनानं एक पुस्तक चाळलं. मग दुसरं. मग तिसरं.

“खुणा कुठं गेल्या?” ती म्हणाली.

“कसल्या खुणा?”

“अगं, म्हाताऱ्यांच्या. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांना आपण पुस्तकं नेऊन देतो ना? निवडतो आपणच. मग त्यांनी काय वाचलंय ते कळायचं कसं? तर ज्याची त्याची खूण ठरलेली, ज्याचं त्याचं पान ठरलेलं. पुस्तक वाचून संपलं की खूण करायची. आपण ते पान बघायचं. खूण असली की ते पुस्तक त्या घरी न्यायचं नाही.”

“कॉम्प्युटरवर दिसत नाही का?”

“कोण काय वाचतं ते आपण साठवत नाही बाई. नियमच आहे तसा. चाळीस वर्षांच्या खुणा होत्या या. कुणी केला हा उपद्व्याप?”

मी बोलायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

“त्या कामाच्या माणसांनी पुस्तकं पुसायला नेली होती,” मी म्हणाले. “त्यांनीच केलं असेल.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला त्या वेळी वाटलं.

बहुतेक वाचकांनी थोडी कुरकुर केली आणि पुन्हा नव्यानं खुणा करायला लागले. एनिड टॅलबॉट सोडून.

एनिडबाई अठ्ठ्याऐंशीच्या. टेकडीवरच्या शेवटच्या घरात एकट्या राहायच्या. नवरा बोटीवर होता, तो जाऊन वीस वर्षं झालेली. त्यांचं पान तेहतीस. खूण म्हणजे पानाच्या नंबराखाली मासे धरायच्या गळासारखी वळलेली छोटी रेघ. पान उलटताना बोट जिभेला लावायची त्यांना सवय. त्यांच्याकडून आलेल्या पुस्तकांचे कोपरे फुगलेले असायचे आणि मला त्याची किळस यायची. त्यांची मुलगी जिनेट माझ्याबरोबर शाळेत होती.

दर दुसऱ्या बुधवारी मी त्यांच्याकडे सहा पुस्तकं घेऊन जायचे.

“यातली चार वाचलीत मी,” पहिल्याच वेळी त्या म्हणाल्या.

“खूण नाहीये पण त्यात.”

त्यांनी पान काढलं. बराच वेळ बघत बसल्या.

“हो गं... नाहीये.”

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी मला बसवून घेतलं. शेगडी विझत आली होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

“पोरी, एक विचारते, हसू नकोस. मला हल्ली पहिल्याच पानावर खुनी कोण ते कळतं. मी हुशार झालेय, की मला वेड लागलंय?”

माझ्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. बाई, तुमचं डोकं शाबूत आहे, खुणा मी पुसल्या.

“अहो, सगळी पुस्तकं सारखीच असतात हल्ली,” मी म्हणाले. “चहा टाकू का?”

त्यानंतर त्या खचतच गेल्या. घरभर चिठ्ठ्या लागल्या. शेगडी विझवली. दार लावलं. गोळी घेतली. एकदा तर एका चिठ्ठीवर नुसतं ‘आज मंगळवार’ लिहिलेलं होतं, आणि मी गेले होते बुधवारी.

डिसेंबरात जिनेट मला लायब्ररीत भेटायला आली.

“आईला एकटं ठेवायची भीती वाटते गं. वाचलेलं न वाचलेलंसुद्धा तिला कळेनासं झालंय. तू दर पंधरा दिवसांनी बघतेस. खरं सांग, तुला काय वाटतं?”

मी म्हणाले, “विसरतात हल्ली.”

जानेवारीत एनिडबाईंना इन्व्हरकार्गिलच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. घर विकलं. अकरा आठवड्यांत त्या गेल्या. तिथं त्यांनी एकही पुस्तक उघडलं नाही, असं जिनेट म्हणाली. वाचण्यात काही अर्थ नाही, उद्या ते डोक्यात राहणार नाही, असं म्हणायच्या म्हणे.

मी अंत्यविधीला गेले. सँडविचेसही करून नेली.

आता १७ जुलै.

मेरेआना व्हॅन घेऊन वाचकांकडे गेली होती. आमच्याकडे जुलैत हिवाळा; बाहेर सकाळचं दव अजून गोठलेलंच होतं. मी नव्या पुस्तकांचं खोकं टेबलावर घेतलं. छापखान्याची चिकटपट्टी तशीच होती. ती मीच ब्लेडनं कापली.

बारा पुस्तकं. कडक बांधणीची. मी पहिलं शिक्का मारायला टेबलावर ठेवलं.

ते आपोआप उघडलं...

तेहतिसाव्या पानावर.

नंबराखाली ती वळलेली रेघ होती.

मी हसले. खरं सांगते, पहिल्यांदा हसूच आलं. छपाईत काही राहिलं असेल म्हणून बोट फिरवलं. बोटाला शिसं लागलं. आणि पानाचा कोपरा...

ओला होता.

दुसरं उघडलं. तिसरं. बाराच्या बारा पुस्तकांत तेच पान, तीच रेघ, तोच ओला कोपरा.

मी काय करावं? मी खोडरबर काढलं. इतकं झाल्यावरही माझा हात खोडरबराकडेच गेला.

पाच पुस्तकं पुसून झाली असतील. मागून आवाज आला.

पान उलटल्याचा.

मोठ्या अक्षरांची कपाटं खिडकीपाशी आहेत आणि तिथं एक खुर्ची आहे. मी बसले होते तिथून ती दिसत नाही.

“कोण आहे?”

मी घड्याळाकडे बघत राहिले. एक मिनिट गेलं. मग थोडा वेळ...

पुन्हा पान उलटलं.

घाई नव्हती त्या आवाजात. कुणीतरी निवांत वाचत होतं. मी उठले, कपाटाला वळसा घालून गेले. खुर्ची रिकामी. पुस्तक नाही, माणूस नाही. मी टेबलाशी परत आले, बसले.

पान उलटलं.

तीनदा मी गेले. बघायला गेलं की शांत. पाठ वळली की पान. खोडरबर हातातून सुटलं आणि ते शोधायला टेबलाखाली वाकायचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही.

साडेचारला मेरेआना आली. मी तिच्यापुढे एक पुस्तक सरकवलं. तिनं ते सवयीनं चाळलं.

“हे एनिडनं वाचलंय,” ती म्हणाली. “तिला पाठवू नकोस.”

मग तिचा हात थांबला.

“आलं कधी हे?”

“आज. खोकं मीच फोडलं.”

मेरेआना चेष्टा करणारी बाई. एरवी म्हणाली असती, रो, तुझं कॉफीचं प्रमाण कमी कर. त्या दिवशी तिनं पुस्तक हळूच मिटलं आणि जाऊन हात धुतले. परत आल्यावर उभ्याउभ्याच विचारलं.

“तिचं काही राहिलंय का तुझ्याकडे?”

“माझ्याकडे काय राहणार?”

“मी विचारलं फक्त,” ती म्हणाली. पण तिनं माझ्या बाहीवर चिकटलेला खोडरबराचा भुगा पाहिला होता. “आणि हे बघ, उरलेल्या खुणा पुसू नकोस.”

तिला सगळं कळलं होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मी ताकास तूर लागू दिली नाही.

पुढचे दोन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. लायब्ररीत आवाज पुन्हा आला नाही. मला बरं वाटायला लागलं होतं.

मग ते घरी सुरू झालं.

नवऱ्यानं, कॉलिननं, वाढदिवसाला मला एक कादंबरी दिली. दुकानातून नवीकोरी आणलेली. मी शेगडीजवळ बसून पहिलं पान वाचलं. एक माणूस आणि त्याचा कुत्रा धरणाच्या काठानं चाललेत.

माझ्या मनात आलं, कुत्रा नवव्या पानावर मरणार.

नववं पान काढलं...

मेला होता.

बायको खोटं बोलते आहे, हे मला कळलं. पत्र कुठं लपवलंय ते कळलं. शेवटी कोण बुडणार ते कळलं. मी शेवटचं पान वाचलं. तोच बुडाला होता. तेहतिसावं पान मी उघडलंच नाही. कॉलिनला म्हटलं, उघडून बघ काय आहे. तो म्हणाला, काही नाहीये, कोपरा ओला आहे फक्त, तुझा चहा सांडला वाटतं.

मी चहा घेतला नव्हता.

दुसरं पुस्तक आणलं. तिसरं आणलं. मुलांचं एक बदकाचं पुस्तक आणलं, तेही पाठ होतं. कधीही न वाचलेलं सगळं मला आधीच वाचल्यासारखं माहीत होतं. दर वेळी मी पुस्तक मिटून ठेवायचे. कारण मग मी खरंच वाचलेलं कुठलं, हे कुणी सांगायचं?

म्हातारीला काय वाटलं असेल ते तेव्हा मला कळलं. मी रडले. पहिल्यांदा.

मी ठरवलं, जिनेटला सांगायचं. तिच्या आईला वेड लागलं नव्हतं, हे तिला कळायलाच हवं. तिनं तोंडावर दार आपटलं तरी चालेल. आईची माफी मागायची सोय मीच ठेवली नव्हती. निदान लेकीची मागावी.

११ ऑगस्ट, रविवार, दुपारी दोन. रिकाम्या हातानं कुणाच्या घरी जायची आमच्याकडे रीत नाही. मी शॉर्टब्रेडच्या बिस्किटांचा डबा भरला. डब्याखाली माझ्या नावाची पट्टी होती, आम्ही सगळ्याच बायका लावतो, डबे परत यावेत म्हणून.

जिनेटनं दार उघडलं. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

“ये,” म्हणाली.

स्वयंपाकघरात बसलो. तिनं चहा ठेवला नाही. मी सगळं सांगितलं. खोडरबर, चारशे बारा पुस्तकं, मेरेआनाशी बोललेलं खोटं, ती विझत आलेली शेगडी, डिसेंबरातलं माझं ते वाक्य. सांगताना माझे दात वाजत होते. ती चिडली नाही, रडली नाही. खिडकीबाहेरच्या मेंढ्यांकडे बघत होती.

“जिनेट, बोल काहीतरी. शिव्या दे हवं तर.”

तिनं माझा डबा उचलला. उठून कपाटाचं दार उघडलं...

आत तीन डबे एकावर एक ठेवलेले होते.

तिनं चौथा त्यांच्यावर ठेवला. मग सगळ्यात खालचा काढून माझ्यापुढे पालथा धरला. खाली पट्टी होती. माझं नाव, माझं अक्षर.

“हे तू मला सांगितलंयस रोवेना,” ती म्हणाली.

“कधी?”

“दोन रविवारांपूर्वी. मग गेल्या रविवारी. मग परवा, शुक्रवारी. याच खुर्चीत बसून. हेच शब्द. दात वाजतात त्याची जागासुद्धा तीच.”

मला वाटलं ती सूड घेते आहे. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती घाबरलेली होती.

“पहिल्यांदा मी तुझ्यावर ओरडले,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा वाटलं, मुद्दाम छळायला आलीस. तिसऱ्यांदा मला तुझी भीती वाटली. म्हणून आज उंबऱ्यातून हाकलून द्यायचंही धाडस झालं नाही.”

“मग... मी माफी मागितली तेव्हा तू काय म्हणालीस?”

तिनं तो डबा परत कपाटात ठेवला.

“जिनेट, तू मला माफ केलंस का?”

“ते मी तुला तीनदा सांगितलंय.”

“मला आठवत नाही गं.”

“आता नाही सांगणार,” ती म्हणाली. आता तिचे डोळे भरले होते. “एकेकदा सांगताना माझा जीव जातो. तुझं काय, तू जाशील आणि पुसून टाकशील.”

मी उठले. ती दारापर्यंत आली. घरी नीट जाशील ना, रस्ता लक्षात आहे ना, असं तिनं हळू आवाजात विचारलं. आजारी माणसाला विचारतात तसं.

घरी येऊन मी कॉलिनला विचारलं, गेल्या रविवारी मी कुठं होते?

“घरीच. रग्बी बघताना झोपली होतीस सोफ्यावर.”

“त्याच्या आधीच्या रविवारी?”

“आपण दिवसभर लाकडं रचली. काय झालंय?”

“आणि परवा शुक्रवारी?”

“तापानं फणफणली होतीस. उठलीही नाहीस. सूप मी भरवलं तुला.”

कॉलिन खोटं बोलत नाही. चाळीस वर्षांत बोललेला नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. माझ्याकडे शॉर्टब्रेडचे तसले चारच डबे होते. वरच्या फळीवर असतात. फळीवर एकही डबा नव्हता.

मग डॉक्टरांकडे जाणं झालं. इन्व्हरकार्गिलला मोठ्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, शब्द पाठ करायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. माझ्यात काही दोष नाही म्हणाले. माझ्या वयाच्या मानानं स्मरणशक्ती उत्तम आहे, असं लेखी दिलं. तो कागद माझ्या पर्समध्ये असतो.

म्हणजे जिनेटकडे तीनदा कुणीतरी गेलं होतं. मी असेन तर मला कळलं नाही. मी नसेन तर कोण, याचा विचार मी करत नाही. जे गेलं, त्याला जिनेटनं मला द्यायचं उत्तर मिळालं. ते त्यानं स्वतःकडे ठेवून घेतलं.

मी लायब्ररीची नोकरी सोडली. त्याआधी मेरेआनाला सगळं सांगितलं. हे पहिल्यांदाच सांगतेय ना, असं तिला आधी विचारून घेतलं. ती हो म्हणाली, पण जरा थांबून म्हणाली. जिनेट रस्त्यात दिसते. मी थांबते, ती मान खाली घालून पुढे जाते. त्या मान खाली घालण्यात माफी आहे की नाही, हे मी इतकी वर्षं ओळखायचा प्रयत्न करते आहे. मला ते ओळखता येत नाही.

पुस्तक मी हातात घेत नाही. घरात एकही ठेवलेलं नाही.

हे सगळं आज इथं पहिल्यांदा लिहिलं. निदान मला तसं वाटतं आहे.

तुमच्यापैकी कुणी ही गोष्ट माझ्या नावानं याच पानावर आधी वाचली असेल... तर कृपा करून मला सांगू नका.